आमच्या बॅचचे वारलेले वडील

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी करिअर मार्गदर्शन कक्ष होता. कक्ष म्हणजे लायब्ररीच्या वरचा हॉल, एक माइक आणि पुण्याहून बोलावलेले एक सर. सर वर्गात शिरायच्या आधी त्यांचं सेंट शिरायचं. आमच्या इलेक्ट्रिकल शाखेचं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण नोकरी कशी मिळवायची हे मात्र ते कुणालाही शिकवू शकत होते.

त्या वर्षी मला नोकरी हवीच होती. दिवाळी झाली आणि आठवड्याभरात माझे वडील गेले. पिशोरला आमचं पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं परत बांधून द्यायचं दुकान. तिथंच तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"उन्हाळ्यापर्यंत बघ," ती म्हणाली. "नाय लागली नोकरी, तर काका म्हणतेत ते स्थळ हाय. मला एकटीला त्यांच्याम्होरं बोलता येणार नाय."

स्थळ मला माहीत होतं. त्याला चारचाकी होती आणि बायकोनं शिकलेलं आवडत नव्हतं.

तर सरांची पद्धत अशी की एकेकाला स्टेजवर उभं करायचं आणि खोटी मुलाखत घ्यायची. उत्तर देणाऱ्याच्या तोंडून 'लई' किंवा 'व्हय' आलं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. लाज वाटली की भाषा सुधारते, असं सरांचं म्हणणं होतं. टाळ्या वाजवणारे सगळे कन्नड, वैजापूर, सिल्लोडचेच. घरी गेले की त्यांच्या तोंडून दुसरं काही निघत नसे. पण दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळाली तर कोण सोडतो.

माझी पाळी आली. पहिल्याच वाक्याला मी दोनदा टाळ्या खाल्ल्या. मग सरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"वारले सर. गेल्या महिन्यात."

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. सरांचा चेहरा मात्र उजळला. खोटं सांगत नाही, हरवलेली वस्तू सापडावी तसा उजळला. "हे बघा," ते पोरांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात स्टोरी. कंपनीला मार्क नको असतात, स्ट्रगल हवा असतो."

मग त्यांनी माझ्याकडून ते तीनदा सांगून घेतलं. दुकान आधी सांग, तार नंतर. 'उठलेच नाहीत' म्हटल्यावर थांब. डोळ्यात पाणी दिसलं पाहिजे, गालावर यायला नको. तिसऱ्या वेळेला मला रडू आलंच नाही, तर म्हणाले, "आता बरोबर. आता प्रोफेशनल वाटतंय." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे मी ऐकून होते, पण ते लोणी माइकवरून सगळ्यांना वाटणारा माणूस तेव्हाच पाहिला. कारण पुढं ते म्हणाले, "लिहून घ्या सगळ्यांनी. आपापल्या परीनं बदला. आजीही चालेल, पण वडिलांना वजन जास्त." माझ्या वर्गमित्रांनी माना खाली घालून लिहून घेतलं.

माझ्या शेजारी खुलताबादची एक मुलगी बसायची. तिनं मला हळूच विचारलं, "तार कशाची म्हणलीस गं, तांब्याची?" मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. मी म्हणाले, "हो, तांब्याची."

कॉलेजातली भरती, म्हणजे ड्राइव्ह, मार्चमध्ये झाली. चितेगावची एक कंपनी आली होती, मोटारींचे पॅनल बनवणारी. बऱ्याच पोरापोरींना त्यांचे वडील सोडायला आले होते. कुणी दुचाकीवर, कुणी सकाळच्या एसटीनं. मुलाखती होईपर्यंत ते खाली लिंबाच्या झाडाखाली डबे घेऊन बसले होते, पाण्याची बाटली एकमेकांना देत होते, आणि वर त्यांची लेकरं त्यांना एकेक करून मारत होती.

खुलताबादच्या मुलीच्या वडिलांनी मला जवळ बोलावून भाकरी दिली. "खा पोरी, उपाशीपोटी बोलता येत नाय. तुझे वडील नाय आले का?"

"कामात आहेत," मी म्हणाले. त्या झाडाखाली तरी मला मरणाबद्दल कुणाशीही बोलायचं नव्हतं.

माझा नंबर दुपारनंतर लागला. समोर एक वयस्कर साहेब आणि त्यांच्याबरोबर एक तरुण मॅडम. स्टार्टर, रिले, फॉल्ट कसा शोधशील, सगळं विचारलं. सगळं आलं. साहेब खूश दिसले. मग म्हणाले, "घरी कोण कोण?"

"आई आणि मी. वडील वारले. आमचं मोटारींचं दुकान..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मॅडम तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या.

"तार गुंडाळताना?" साहेबांनी विचारलं. "आज सकाळपासून एवढे बाप वारलेत, आम्हाला सुतक लागेल. तालुक्यात कुणाचा जिवंत हाय का नाय?"

खरं आहे, एवढं म्हणता आलं असतं. पण ते तर माझ्या आधीच्यांनीही म्हटलं असणार. सरांनी तेही शिकवलं होतं.

"हे बघ," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. "काम चांगलं येतं तुला. पण खोटं बोलणारं माणूस मला लाइनवर नको. एकदाच विचारतो. वडील आहेत ना?"

मला आईचं स्वयंपाकघर दिसलं आणि काकांची खाकरायची सवय आठवली.

"आहेत सर," मी म्हणाले.

"हां. काय करतात?"

"पिशोरला मोटारी बांधतात."

"मग एवढा कष्टाळू बाप, आणि असं अभद्र बोलतेस? घरी गेलीस की पाया पड त्यांच्या."

वर्गातल्या एवढ्या जणांतून दोघांचीच निवड झाली, त्यात मी होते. सरांनी माझ्या फोटोचा फ्लेक्स गेटवर लावला आणि पुढच्या बॅचला सांगितलं की बघा, स्टोरीत केवढी ताकद असते.

मी पेढे घेऊन घरी गेले. आईनं आधी वडिलांच्या फोटोपुढं ठेवले. मग विचारलं, "ह्यांचं काही निघालं का तिथं?"

"निघालं. त्यांच्यामुळंच लागली म्हण."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "गेल्यावरबी लेकीच्या कामाला आले," ती म्हणाली आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगायला बाहेर गेली.

आता मला कंपनीत दोन वर्षं होतील. साहेब माणूस चांगला. लाइनवर चक्कर मारताना थांबतात, वडील बरे आहेत ना विचारतात. एकदा आण त्यांना, प्लॅन्ट दाखवू, असंही म्हणतात. मी बरे आहेत म्हणते, कधी गुडघे दुखतात म्हणते. हे फार दिवस चालायचं नाही. एक दिवस मला वडील वारल्याचं सांगावं लागेल. त्या वेळी साहेब लगेच विश्वास ठेवतील, हळहळतील, आठ दिवसांची रजा देतील. ती रजा घेऊन मी कुठं जाऊ, एवढंच मला अजून सुचलेलं नाही.