सालकिनचा एकच प्रश्न

सालकिन घाटाच्या वळणावर कुरुत विकते, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्या. घासाघीस करत नाही, हसतही नाही. मुलगा सक्तीच्या सैन्यभरतीत गेला आणि बंद पेटीतून परत आला, तेव्हापासून तिचं असंच आहे. पेटी उघडू नका असं सांगितलं होतं, तिने उघडली नाही. रडूसुद्धा आलं नाही तिला.

संसदेच्या समितीने अशा मृत्यूंची चौकशी केली ती दारं लावून. तेव्हा टीव्हीवर खासदार दिसला की गावातले लोक बकऱ्या बघायला उठून जात. मग समितीवर नवे अध्यक्ष आले. त्यांनी दारं उघडली, कॅमेरे बसवले, आता लोकांनीच समोर येऊन विचारावं म्हणाले. माणूस सच्चा होता, ते मान्य करायला हवं. बोलणाऱ्यांत सालकिन शेवटची होती. पेटी उघडू नका असं कोण म्हणालं, एवढंच तिला विचारायचं होतं.

सोबत गावातले सर्वांत वडील कादिरआबा आले होते.

"नीट बोल हं पोरी. रडत बसू नकोस."

"रडायला येतंय कुठे, आबा."

सेनाधिकारी तासभर बोलले. ते बसले तेव्हा अध्यक्षांना आबांची पांढरी टोपी दिसली. इतका वयस्कर माणूस नुसता बसून राहिलेला बरा दिसेना.

"आबा, दोन शब्द आशीर्वादाचे बोला."

आबांनी ओंजळ पसरली. मुलाबाळांना, देशाला, उघड्या दारांना भरभरून आशीर्वाद दिला आणि शेवटी म्हणाले, "ओमिन!" सगळ्या सभागृहाने तोंडावरून हात फिरवले. ओमिन, म्हणजे तथास्तु, झालं की आमच्याकडे कुणी बसून राहत नाही, पानात घास उरला असला तरी. खुर्च्या सरकल्या, अधिकाऱ्यांनी आबांचा हात हातात घेतला, अध्यक्षही उठले.

बस सुटल्यावर आबा दचकले. "अगं, तू राहिलीस की! मला अडवायचं नाहीस का?"

"आशीर्वाद चालू असताना?"



घरी सालकिनची मुलगी झीपार टीव्हीसमोरच बसली होती. सगळ्या गावाने कामं टाकून सभा पाहिली होती.

"आई, त्यांनी काहीच लपवलं नाही गं. शेवटपर्यंत सगळं दाखवलं."

"मी दिसले?"

"दिसलीस ना. ओमिनला सगळ्यांच्या आधी तुझेच हात तोंडावरून फिरले."