दोन्ही बाजूंचा लॉग

नागापूरच्या एमआयडीसीत मी ट्रेनी होते. एकदा क्वालिटीच्या साहेबांनी माझा ग्राफ चार माणसांत टेबलावर भिरकावला. लेथ मशीनचा वेग वाढवत नेला तर टूलची धार किती मिनिटं टिकते, याच्या महिनाभर घेतलेल्या नोंदी होत्या त्या. ठिपके आधी धाडकन खाली येत आणि पुढे लोळत पडत.

"असला वाकडा ग्राफ कुनाला दाखवायचा? तुमच्या पारनेरला चालत आसंल. सरळ करून आना, न्हाईतर परमनंटचं विसरा."

मला राग लवकर येतो आणि जायचं नाव घेत नाही. पण स्टॅटिस्टिक्स शिकलेली होते. ठिपके ढकलायचे नसतात, मोजपट्टी बदलायची असते. आधी मिनिटांचं वर्गमूळ घेतलं, बाक तसाच. मग मिनिटांचा लॉग, म्हणजे लॉगॅरिदम घेतला, थोडा कमी झाला. शेवटी वेगाचाही लॉग घेतला आणि ठिपके एका रेषेत आले.

साहेबांनी त्या ग्राफवरचं माझं नाव झाकून झेरॉक्स काढली आणि स्वतःचं नाव घातलं. आयत्या बिळावर नागोबा. परमनंटचं विचारलं तर म्हणाले, "तुमी काय केलंय एवढं?" त्या दिवसापासून मला नोकरीइतकाच सूडही हवा होता.

गिऱ्हाईक कंपनीची माणसं आली तेव्हा मला चहा-बिस्किटं बघायला बसवलं होतं. साहेबांनी समोर लावलेल्या ग्राफवर लॉगचे आकडे होते. मिनिटं हवी असतील तर ते उलटे फिरवावे लागतात, हे साहेबांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "नेहमीच्या वेगाला टूल किती चालतं?"

साहेबांनी आकडा वाचला. "दीड मिनिट."

"दर दीड मिनिटाला टूल बदलता?" पाहुणे म्हणाले. "मग माल कधी करता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. मी चहात बिस्किट बुडवलं.

"हा ग्राफ तुम्हीच काढलाय ना?" मोठ्या साहेबांचा आवाज चढला.

"न्हाई सर," साहेब घाईनं म्हणाले, "या ट्रेनी मॅडमनी काढलाय."

सगळ्यांदेखत म्हणाले. मग मी उठले. "बत्तीस मिनिटं, सर," म्हटलं आणि दहाचा दीडावा घात जवळजवळ बत्तीस कसा येतो, ते फळ्यावर सावकाश करून दाखवलं.

माझ्या परमनंटच्या पत्रावर शिफारशीची सही क्वालिटीच्या साहेबांनाच करावी लागली. शिपायाकडून पत्र मागवता आलं असतं. मी मुद्दाम त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिले.