चौथ्या चटईचा डाव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी अण्णांचं नाव घेतो. अण्णा म्हणजे बंगळूरच्या शिवाजीनगरातले माझे घरमालक. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवून ते निवृत्त झाले होते. साठ सालाच्या आधीची तीन-चार वर्षं त्यांच्या माडीवर राहून मी बी.एस्सी. केलं. निपाणीकडच्या आमच्या घरात तोवर कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं.

दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की खालच्या खोलीत गोष्टीचा डाव बसायचा. हा त्यांच्या घरचाच खेळ. अण्णा गोष्ट चालवत. आपण कुठे आहोत, समोर काय दिसतंय, एवढंच सांगून ते थांबत आणि विचारत, "तू काय करतोस?" मग ज्याने त्याने आपल्या माणसाचा बेत सांगायचा आणि सहा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितका बेत साधला. सहाही पालथ्या पडल्या, तर त्या माणसाचं काय झालं ते शेजारी बसलेल्याने सांगायचं. आणि एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही.

खेळणारे आम्ही तिघंच: अण्णा, त्यांच्या पत्नी अक्का आणि मी. चटया मात्र चार. चौथी त्यांच्या थोरल्या मुलाची होती. तो एका सकाळी आनेकलच्या बसमध्ये बसला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या कवड्या अण्णा टाकत. गोष्टीतला त्याचा माणूस चालतो आहे तोवर मुलगाही कुठेतरी चालतो आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डावाला चौघं लागतात म्हणून चौथी चटई, अशी माझी समजूत.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "तुम्ही सांगाल ते करतो."

"मग ती माझी गोष्ट होईल," अण्णा म्हणाले. "तुझे पाय काय मी उचलू?"

"परीक्षेत पण असंच लिहितोस काय रे?" अक्का हसल्या. "मास्तर सांगतील ते उत्तर?"

अण्णा हसले नाहीत. ते थांबून राहिले. शाळेत छडी होती, घरी हुकूम होता. मी काय करणार, हे त्याआधी मला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे तोंडी परीक्षेत माझी जीभ अडली नाही, ती त्या थांबण्यामुळे.

तिसऱ्या वर्षी आमची गोष्ट एका आटलेल्या तळ्यात उतरली. तळाशी देऊळ होतं आणि खाली जाणाऱ्या पायऱ्या. चौथा नेहमी आमच्या पुढे असे. अण्णा कवड्या टाकत आणि म्हणत, "तो पुढे गेला." बस, तेवढंच.

एकदा अक्का म्हणाल्या, "पायऱ्यांवर ओली पावलं आहेत."

"तळं आटलंय ना?" मी विचारलं.

"मी पावलं ठेवली नाहीत," अण्णा हळूच म्हणाले.

"मी तरी कुठे ठेवली? मला दिसली."

खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता. तरी मी पाय चटईवर ओढून घेतले.

माझा निकाल लागला त्या रविवारी अण्णांनी चौथ्याच्या कवड्या टाकल्या. सहाही पालथ्या. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अण्णांनी त्या बोटाने मोजल्या.

"सांगा, पदवीधर," ते म्हणाले. "शेजारी तूच आहेस."

मी पास झाल्याच्या आनंदात होतो. गोष्ट रंगवावी एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, "त्याचा पाय घसरला. खाली पाण्याचा आवाज झाला. मग आवाज थांबला."

अण्णांनी एकेक करून कवड्या उचलल्या. "सरी," ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणाले आणि बाहेर गेले.

अक्कांनी चौथी चटई उचलली. तिच्याखालची फरशी तेवढी ओली होती. "ओल धरते स्वल्प," असं म्हणत त्यांनी ती पदराने पुसली, आणि पुसता पुसता मुलाचं सगळं मला सांगितलं.

मी धावत अण्णांकडे गेलो. "मला ते शब्द परत घेऊ द्या."

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "पण बोललेलं परत घेता येत नाही."

त्यानंतर डाव बसला नाही. मी निघालो तेव्हा अक्कांनी कवड्या माझ्या ट्रंकेत ठेवल्या. "त्या दिसल्या की हे जेवत नाहीत," म्हणाल्या. वर्षभराने मी हुबळीहून हे पत्र लिहिलं.

तीर्थरूप अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या हायस्कुलात मी कायम झालो. मुलांना प्रश्न विचारतो आणि तुमच्यासारखा थांबतो.

काल रविवारी दुपारी मी दोन चटया घातल्या, एक माझी आणि एक चौथ्याची. बोललेलं मागे घेत नाही. पण आवाज थांबला, एवढंच मी म्हणालो होतो. तो गेला, असं म्हणालो नव्हतो. म्हणून माझा बेत मोठ्याने सांगितला: मी पायऱ्या उतरून त्याला हाक मारतो. कवड्या टाकल्या. सहाही उताण्या पडल्या.

पायऱ्यांखालून कुणीतरी विचारलं, "वर कोण आहे? अण्णा आहेत का?" हे मी रचलेलं नाही. खोलीत मी एकटाच होतो. मी उत्तर दिलं नाही, तो हक्क माझा नाही.

कवड्या सोबत पाठवतो आहे. तो खाली थांबला आहे. अण्णा, तुम्ही काय करता?

आपला,
माडीवरचा