क्रेगसमोर सासूबाई

यतीन गद्रे विनिपेगमध्ये जन्मला आणि कॅनडाच्या रंगभूमीवर वर्षानुवर्षं घाम गाळत राहिला. घाम चिलखतामुळे यायचा, कारण त्याच्या वाट्याला कायम पहारेकरीच येत. स्वरदाशी लग्न झालं आणि २०१२ मध्ये तो तिच्यामागे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आला. ती इंजिनियर, भूकंपात पडलेलं शहर पुन्हा उभं राहत होतं, त्यामुळे तिला कामच काम. थिएटरं मात्र भेगाळून बंद पडलेली.

"इथल्या भिंतींना इंजिनियर हवाय, नट नकोय," मंदाताई म्हणाल्या. मंदाताई म्हणजे स्वरदाची आई, निवृत्त शिक्षिका, हॉर्नबी उपनगरात लेकीकडेच राहणाऱ्या. जावई काय करतात असं कुणी विचारलं की त्या "कन्सल्टंट" म्हणून विषय बदलत.

यतीनने मिळेल ते केलं. इथला डिसेंबर ऐन उन्हाळ्यातला, तरी रणरणत्या उन्हात मॉलच्या दारात सांताक्लॉज झाला आणि घेरी येऊन कोसळला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग रस्त्याच्या कामावर गाड्या थांबवायची-सोडायची स्टॉप-गोची पाटी धरली. हक्काचा प्रेक्षक, तोही उठून न जाणारा! एकदा एक लांबलचक स्वगत रंगात आलं, आणि ते संपेपर्यंत त्याने पाटी फिरवलीच नाही. गाड्यांची रांग पार चौकापर्यंत गेली.

"हीप्स ऑफ टॅलंट, मेट," फोरमन म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

नशीब उघडलं ते चंद्रहासमुळे. हा स्वरदाचा आयटीवाला मित्र. इंटरव्ह्यूत त्याची पार त-त-प-प व्हायची. यतीन म्हणाला, "मी मॅनेजर बनतो, तू सराव कर." जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेले पाय टेबलावर टाकून त्याने 'क्रेग' उभा केला: चंद्रहासला 'चँडी' म्हणणारा, मधेच जांभई देणारा, उत्तर अर्धवट तोडणारा महाउर्मट साहेब. हे झेलल्यावर चंद्रहासला खरा मॅनेजर देवमाणूसच वाटला. नोकरी मिळाली. बातमी फुटली, आणि गावातले निम्मे मराठी बेकार क्रेगकडून अपमान करून घ्यायला हॉर्नबीत येऊ लागले.

२०१७ मध्ये लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगायची जागा निघाली, आणि मंदाताईंनी अर्ज केला.

"जावईबापू," मंदाताई म्हणाल्या, "तुमच्या त्या क्रेगला वेळ आहे का?"

यतीनला उकळ्या फुटल्या. पाच वर्षं गिळलेलं सगळं आता कलेच्या नावाखाली बोलता येणार होतं.

"सो, मँडी," त्याने सुरुवात केली.

"मंदा."

"तेच ते. या वयात घरी आरामात बसायचं सोडून नोकरी कशाला?"

"घरी जावई असतो."

स्वयंपाकघरात स्वरदाला ठसका लागला. क्रेग मात्र डगमगला नाही. "काय करतो तो?"

"नट आहे."

हे त्यांच्या तोंडून यतीन पहिल्यांदाच ऐकत होता. क्रेगचा आवाज किंचित घसरला. "चांगला?"

"कधी बरा, कधी भयंकर. पण कामाची लाज नाही त्याला. आणि पाय खाली घ्या, टेबल माझ्या लेकीचं आहे."

पाय आपोआप खाली आले.

मंदाताईंना नोकरी लागली. पुढच्याच महिन्यात त्यांनी जावयाला गोष्टीतला राक्षस म्हणून बोलावलं.

"माझे संवाद?" यतीनने विचारलं.

"एक डरकाळी. तीही मी सांगेन तेव्हाच."

त्याने अशी काही डरकाळी फोडली की अर्धी मुलं रडत आईला बिलगली. मंदाताईंनी कपाळाला हात लावला. यतीन वाकून प्रेक्षकांचे आभार मानत होता.