बाबांनी सांगितलेले आकडे

माझे वडील दादाराव नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आठ वर्षांपासून त्यांचा उजवा खुबा दुखतो. आई गेल्यावर मी त्यांना इकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आणलं. रविवारी बुद्धवंदनेला सगळे सतरंजीवर बसतात, बाबा एकटे मागे खुर्चीवर. ते त्यांना फार लागायचं.

खुब्याच्या ऑपरेशनला ते घाबरत, म्हणून एका क्लिनिकमध्ये लेझर उपचाराची चाचणी आहे असं कळल्यावर मीच त्यांचं नाव दिलं. निम्म्या लोकांना खरा लेझर, निम्म्यांना नुसता लाल दिवा. कुणाला काय, ते शेवटपर्यंत सांगणार नव्हते. बारा वेळा जायचं आणि दर वेळी दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं.

यंत्र चालवणारी मुलगी शिकाऊ होती. ती गुडघ्यांवर बसून बाबांचे बूट-मोजे काढायची, पाय अलगद उचलून उशीवर ठेवायची. पहिल्या दिवशी बाबा आठ म्हणाले. मग सहा, मग चार, शेवटी दोन. आणि पार्किंगमध्ये माझ्या खांद्याशिवाय त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.

"बाबा, खोटं का सांगता?" मी एकदा चिडून विचारलं.

"दीक्षा, माझ्या बापाची सावलीही लोकांना चालत नव्हती. ही पोरगी माझ्या पायांना हात लावते. तुझी मेहनत वाया गेली असं तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

त्या मुलीला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगता आली असती मला. पण ऑफिसची मीटिंग होती, मी गाडी काढली.

चाचणी संपली. हाडांच्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि दुखणं दोनवर आलंय तर ऑपरेशनची घाई नको म्हणाले. बाबांना हायसं वाटलं. खरं तर मलाही, रजा वाचली. मार्चमध्ये बाबांना हार्ट अटॅक आला. आता भूल देणं धोक्याचं, म्हणून ऑपरेशन कायमचं रद्द.

गेल्या आठवड्यात क्लिनिकचं पत्र आलं. बाबांना नुसता लाल दिवाच मिळाला होता. म्हणजे त्यांचा तो दोनचा आकडा लेझरच्या विरोधात मोजला गेला. दिव्यानेही इतकं बरं वाटतं तर लेझर हवा कशाला? बाबा त्या मुलीचं मन राखायला गेले आणि तिच्याच कामात खोट घालून बसले.

"काय लिहिलंय?" बाबांनी खुर्चीतून विचारलं. "त्या पोरीचं काम झालं ना नीट?"

"झालं बाबा," मी म्हणाले. खरं बोलायचं धैर्य मला तेव्हा नव्हतं, आताही नाही.