दीड मिलिमीटरचा शहाणा

वच्छला ठवकर यांच्या मते नागपुरात इंजिन कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातली निम्मी मेलेली. पारशिवनीजवळच्या शेतावर बापाचा रॉकेलचा पंप त्या बाराव्या वर्षी खोलून पुन्हा जोडत. पुढे आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवलं. पहिल्या वर्षी पोरं हसली. परीक्षेत त्यांतली बरीच गळाली, मग कोणी हसलं नाही. निवृत्त होऊन त्या सक्करदऱ्याला राहायला आल्या आणि शेजारी मिळाला गौरांग.

गौरांग पस्तिशीचा, त्याला जुन्या गाड्यांचं वेड. म्हणजे जुन्या गाडीला टेकून फोटो काढायचं. त्यानं एक पेट्रोल जीप घेतली, तिचे ठिणगी पाडणारे मूळचे कॉन्टॅक्ट पॉइंट काढून बाहेरून मागवलेली इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट बसवून घेतली आणि ठिणगी आता कशी जबरदस्त पडते हे गल्लीभर सांगत सुटला. ठिणगी जबरदस्त, म्हणून स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी ज्या फटीवरून उडते ती फटही त्यानं वाढवली. शून्य पॉइंट सहा मिलिमीटरवरून थेट दीड! वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. असल्या खेळण्यांवर त्यांचा तसाही भरवसा नव्हता.

रविवारी त्यांना भावाकडे जायचं होतं आणि जीप पारशिवनीलाच निघाली होती, म्हणून त्या बसल्या. कन्हान मागे पडल्यावर गौरांगनं एका ट्रकला मागे टाकायला ॲक्सिलरेटर दाबला, तशी जीप ठसकायला लागली. पेट्रोलात भेसळ असेल, तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं उन्हाला दोष दिला. तिसऱ्यांदा ट्रकवाला हॉर्न मारत पुढे निघून गेला, तेव्हा बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"किटसोबतचा कागद वाचला का गा?"

"काकू, व्हिडिओत दीडच सांगितलं होतं."

"व्हिडिओवाला बसला का आपल्या जीपमध्ये?"

कागद डॅशबोर्डच्या खणात होता, घडीसुद्धा न मोडलेला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: मूळ गॅपपासून सुरुवात करा, फार तर पॉइंट नऊपर्यंत जा. इंजिनवर जोर आला की आतला दाब वाढतो, मग ठिणगीला लांब उडी झेपत नाही.

प्लग निवेपर्यंत गौरांगनं सेल्फी काढले. बाईंनी त्याच्याच अवजारांच्या कोऱ्या पेटीतून गॅप मोजायची पाती काढली आणि चारही प्लग दगडावर हलके ठोकून पॉइंट सहावर आणले. पॉइंट नऊचं कागद काही म्हणो. जीप ठसकायची थांबली. पण पुढच्या चहाच्या टपरीपाशी त्यांना राहवेना. पुन्हा प्लग काढून त्यांनी पॉइंट नऊ लावून पाहिलं.

आणि जीप अशी ओढायला लागली, की आयटीआयची एकही गाडी त्यांच्या हातात तशी कधी ओढली नव्हती. खेळणं चांगलं होतं. इतकी चांगली वस्तू या माणसाच्या हाती पडावी, याचाच त्यांना जास्त राग आला.

संध्याकाळी गौरांगनं आपल्या ग्रुपवर लिहिलं, की अनेक महिन्यांच्या अभ्यासानंतर अचूक गॅप मला सापडला. लोकांनी शाबासकीचे अंगठे पाठवले.

पुढच्या महिन्यात बाईंनी आपल्या जुन्या मोटारीसाठी तशीच किट मागवली. मार्गदर्शन करायला गौरांग हजर झाला. बाई बोनेटखाली वाकलेल्याच होत्या.

"टॉर्च धर," त्या म्हणाल्या, "अन् बोलू नको."

त्यानं धरली. तेवढं मात्र त्याला नीट जमलं.