रुताला नागपूर शिकवताना

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला अख्खी गल्ली आली होती. आई, बाबा, दोन मावश्या आणि आमच्या नाटक मंडळातले सगळे रिकामटेकडे. मी काही साहेब होऊन निघालो नव्हतो. नोकरी बायकोला लागली होती. मी तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला नवरा. इतिहासाची पदवी आणि नाट्यस्पर्धेतलं एक उत्तेजनार्थ बक्षीस, एवढीच माझी कमाई. बाबांनी निघता निघता टोला हाणलाच, "तिकडे इतिहास शिकवत बसू नको म्हणजे झालं. त्यांचा इतिहास तो केवढा! दिवाळीच्या सुटीत संपेल."

बाबा, इतकी वर्षं झाली, अजून संपवतोच आहे.

डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये मी अकरावीला आधुनिक अमेरिकेचा इतिहास शिकवतो. 'धोटे' म्हणताना मुलांच्या जिभेला गाठ पडते, म्हणून मी मिस्टर डी. आणि मी नुसतं शिकवत नाही, प्रयोग लावतो. चंद्रावर उतरायचं असेल तर टेबलावरून अगदी संथ उडी मारतो. उपमुख्याध्यापिका दाराच्या काचेतून बघतात आणि मान हलवत पुढे जातात.

माझा हुकमी प्रयोग म्हणजे साठच्या दशकातला इमिग्रेशनचा कायदा. आपल्यासारख्यांसाठी दार उघडलं ते त्यानेच. त्या दिवशी मी शाळेच्या बँडची टोपी मागून आणतो, अधिकारी होऊन टेबलामागे बसतो आणि मुलं एकेक सोंग घेऊन रांगेत येतात. मी दरडावतो, "किती दिवस राहणार?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "फॉरेव्हर!" मी शिक्का मारतो. चला, पुढचा!

या वर्षी रांगेत रुता आली. नागपूरचीच, पण दोन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर इकडे आलेली. शाळेत मी तिचा मिस्टर डी, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका. मी भुवया चढवून विचारलं, "का आलात?"

"आय डिडन्ट कम. आय वॉज ब्रॉट."

वर्ग हसला. मला आणखी चेव आला. "किती दिवस राहणार?"

मागून आरोळी सुरू झालीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "टिल स्प्रिंग ब्रेक."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली.

तिच्या वडिलांची, सचिनची, नोकरी गेली होती. व्हिसा नोकरीवर टांगलेला. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकच्या सुटीत सामान बांधायचं. ग्रीन कार्डच्या रांगेत तो कधीचा उभा आहे. माझं कार्ड आलं, पण मी त्याच्याहून शहाणा नव्हतो. रांगेत आधी लागलो, एवढंच. त्या संध्याकाळी तो घरी आला. "धोटेदादा, तुम्ही हिस्टरीवाले ना यार. याआधी कोणाचं तरी असं झालं असेल, शेवटी काहीतरी निघालं असेल?" तो कायदा कोणी आणला, कोणी अडवला, कशावरून भांडणं झाली, यावर मी आठवडाभर बोलू शकतो. सचिनला मी चहा दिला.

मग एकदा लंचच्या वेळी रुता वर्गात आली आणि शाळेत पहिल्यांदाच मला काका म्हणाली. "काका, टीच मी नागपूर."

झालं! मला स्टेज मिळालं. फळ्यावर सीताबर्डीचा बाजार काढला. मे महिन्यातल्या उन्हात माणूस कसा चालतो ते चालून दाखवलं. रिक्षावाला झालो, "काहून बाप्पा, कुठी जाचं हाय?" पोरगी खळखळून हसली. मग फोनवर नकाशा बघून म्हणाली, "बट काका, इथे आता मेट्रो आहे." मी काढलेलं आइस्क्रीमचं दुकान तिला सापडेना. थिएटर सापडेना. मी तिला ज्या गावात पाठवत होतो, ते केव्हाच उठून गेलं होतं.

"तिथे होमसारखं वाटायला किती वेळ लागेल? तुम्हाला इथे किती लागला?"

मी खरं ते सांगितलं. इकडून निघताना मी घरी चाललो म्हणतो, आणि तिकडून परत निघतानाही घरी चाललो म्हणतो.

"सो यू गॉट टू होम्स," ती म्हणाली. "माझं एकच होतं."

घंटा झाली. ती दप्तर उचलून पुढच्या तासाला गेली.

तिकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतोस? इकडच्यांनो, आपण आपापला पदार्थ घेऊन पॉटलकला जमलो की त्याच प्रश्नावर उसासे टाकतो. मी तर फार सुंदर टाकायचो. आता टाकवत नाही. तिकीट काढून परत जाता येतं, म्हणून तर आपल्याला घराची आठवण काढत बसणं परवडतं.

रुता आता नागपूरला आहे. रोज मेसेज येतो, "मिस्टर डी, आज काय केलं?" मी फळ्याचा फोटो पाठवतो. ती होमवर्क करून पाठवते, मी तपासतो, ए ग्रेड देतो. तिचं नाव पटावरून निघालंय, तो ए कुठेही चढत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तिकडच्या कॉलेजबद्दल ती काही बोलत नाही. थांब आता, असं मला म्हणवत नाही.

आमचं पुस्तक नव्वदच्या दशकात पोचलंय. मे महिन्यात ते आजच्या दिवसापाशी येऊन संपेल. त्यानंतर तिने विचारलं, आज काय केलं, तर काय पाठवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.